नॅनो पावडर आणि मास्क: तो मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नॅनो पावडरचे कण इतके बारीक असतात की कुठल्याही मास्कमधून आरपार जातात, मग मास्क लावून घुसमटायचं कशाला? कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) म्हणजे तरी काय, काजळीच. शिफ्ट सुटली की गुळाचा खडा खा, छाती साफ होते.

मी अंबडला कोटिंगच्या कामात सात वर्षं पावडर मिसळली आहे. हा मेसेज मला माझ्याच जुन्या शिफ्टमधल्या पोरांनी पाठवला, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी मास्क. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिठाची चाळणी आहे: भोकापेक्षा बारीक ते खाली पडणारच. एन-९५ मास्क चाळणीसारखा चालत नाही. त्यात धाग्यांचं दाट जाळं असतं. मोठा कण सरळ येऊन धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सारखे ढकलत असतात. त्याला सरळ जाताच येत नाही, भरकटत तो कुठल्यातरी धाग्याला लागतो आणि चिकटतो. जास्त निसटतात ते मधल्या मापाचे, ३०० नॅनोमीटर किंवा त्याहून थोडे लहान (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एन-९५ची चाचणी याच अवघड मापाच्या कणांवर होते, आणि त्यातले निदान ९५ टक्के अडले तरच तो पास होतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. आणि एन-९५ही नाकापाशी सैल असेल, खाली दाढीचे खुंट असतील, तर हवा जाळ्यातून न येता फटीतून येते. धोका त्या फटीत आहे.

‘काजळीच आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. टायरमध्ये घालतात त्या कार्बन ब्लॅकसाठी, म्हणजे काजळीसारख्या काळ्या पावडरसाठी, कामगारांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा घनमीटर हवेत ३.५ मिलिग्रॅम आहे. त्याच संस्थेने २०१३ साली कार्बन नॅनोट्यूबसाठी १ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, सांगितली. म्हणजे ३,५०० पट कडक. मूलद्रव्य एकच, पण आकार वेगळा. लांब, ताठ नळी फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशीला पुरती गिळता येत नाही. ॲस्बेस्टॉसच्या तंतूचं दुखणं हेच. सगळ्या नॅनोट्यूब सारख्या नसतात, आखूड आणि गुंता झालेल्या वेगळ्या वागतात. पण आपल्या पिशवीत कुठल्या आहेत हे काजळी म्हणणाऱ्याला ठाऊक असतं का?

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. कण बसतो फुफ्फुसाच्या तळाशी, वायुकोशात. तिथे गूळ पोहोचत नाही.

मेसेजने जे सांगितलंच नाही ते खरं महत्त्वाचं आहे. मास्क हा शेवटचा उपाय. आधी पावडर उडूच नये हे बघायचं, आणि ते काम मालकाचं आहे: पिशवी बंद पेटीत, हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ फोडायची, जमेल तिथे कोरड्या पावडरऐवजी ओलं मिश्रण मागवायचं, जमिनीवर झाडू नाही, ओलं फडकं किंवा हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम. आम्ही शिफ्ट संपली की कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकायचो. आम्हाला ते स्वच्छता वाटायचं, आणि ती सगळी पावडर पुन्हा नाकासमोर उडायची. ते आजही चालू असेल तर आजच बंद करा.

आणि पावडरचा एमएसडीएस, म्हणजे मालाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद, मागा. घातक पदार्थांची माहिती कामगारांना द्यायची तरतूद भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात आली. त्या कागदावर नॅनोट्यूबच्या नावापुढे ग्राफाइटची किंवा कार्बन ब्लॅकची मर्यादा छापलेली दिसली, तर ती तुमच्या पिशवीतल्या मालाची नाही. सुपरवायझरला तिथे बोट ठेवून विचारा.