क्रेन्झलाईन हिटलरचा कोच? तो १९२८ सालीच वारला होता

'हिटलरचा गुप्त कोच' नावाचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: अमेरिकन धावपटू आल्विन क्रेन्झलाईनने हर्डल्सचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) शोध लावला, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नॉर्मन प्रिचर्डचं सुवर्ण लाटलं, अमेरिकेचाच मेयर प्रिन्स्टीन ज्यू म्हणून त्याला लांब उडीतून काढायला लावलं आणि १९३६ च्या बर्लिनसाठी नाझींचा संघ घडवला. हर्डल्स धावणाऱ्या माझ्या भाचीने हे सगळं शाळेतल्या भाषणात जसंच्या तसं घेतलं. नाहीतर डिलीट करून मोकळा झालो असतो.

आधी नाझी. ऑलिम्पीडिया या ऑलिम्पिकच्या नोंदींच्या संकेतस्थळावरचं क्रेन्झलाईनचं पान उघडा: मृत्यू जानेवारी १९२८, पेनसिल्व्हेनिया. हिटलर चॅन्सेलर झाला जानेवारी १९३३ मध्ये. मग नेमणूकपत्र काय थडग्यावर चिकटवलं? मिशिगन विद्यापीठात कोच असलेल्या क्रेन्झलाईनला जर्मनीने १९१३ मध्ये बोलावलं, ते १९१६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी. तेव्हा गादीवर कैसर, म्हणजे जर्मन सम्राट होता. १९१४ ला युद्ध पेटलं, हा मायदेशी परतला आणि पुढे अमेरिकेच्याच सैन्यात शारीरिक प्रशिक्षणाचं काम केलं. १९१६ ची स्पर्धा झालीच नाही. दोन्ही वेळा शहर बर्लिन, दोन्ही वेळा, म्हणजे १९१६ आणि १९३६ ला, आयोजनात जर्मन क्रीडा संघटक कार्ल डीम. तिथेच कुणाचा तरी घोळ झाला असावा. पण एखाद्याला नाझी ठरवण्याआधी तारीख तरी बघा!

प्रिचर्डचं म्हणाल, तर २०० मीटर हर्डल्समध्ये क्रेन्झलाईन २५.४ सेकंद, प्रिचर्ड २६.६. एवढ्या फरकाला लाटणं म्हणत नाहीत.

प्रिन्स्टीनच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तो ज्यू होता आणि रविवारच्या अंतिम फेरीत उतरला नाही. पण रविवारी खेळायला मनाई केली होती त्याच्याच सिरॅक्यूज विद्यापीठाने, आणि ते रविवार पाळणाऱ्या मेथडिस्ट ख्रिश्चनांचं. प्रिन्स्टीनची शनिवारच्या पात्रता फेरीतली ७.१७५ मीटरची उडी धरली गेली, क्रेन्झलाईनने रविवारी ७.१८५ मारली. आपणही रविवारी उतरणार नाही असा शब्द क्रेन्झलाईनने दिला होता, असं सांगतात. तसं असेल तर वागणं कोतं होतं, पण त्याने कुणाला काढायला लावलं नाही.

आणि शोध? ११० मीटर हर्डल्स १८९६ ला अथेन्समध्येही झाली, टॉमस कर्टिस जिंकला. पुढचा पाय सरळ ठेवून, वेग न मोडता हर्डल ओलांडायची पद्धत क्रेन्झलाईनने रूढ केली, एवढं खरं. त्याने पॅरिसमध्ये चार वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. ॲथलेटिक्समध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये हे अजून दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.