सिमच्या खाचेतली लाल टिकली

वॉरंटीत असलेला फोन दुरुस्त करून देण्यास सर्व्हिस सेंटरने नकार दिला, तर तो नकार कारणासह लेखी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये, एवढेच मला या पोस्टमध्ये सांगायचे आहे. मात्र असे का म्हणतो ते जरा विस्ताराने लिहितो, कारण गेला दीड महिना मी याच एका गोष्टीच्या मागे आहे.

मागच्या नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून मी १८,४९९ रुपयांचा फोन घेतला. वॉरंटी एक वर्षाची. जुलैच्या सुरुवातीला त्याचे चार्जिंग बिघडले; केबल एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच फोन चार्ज होई, हात काढला की बंद. केबल बदलून पाहिली, चार्जर बदलून पाहिला, फरक पडला नाही. शनिवारी आमच्या कारखान्याला सुटी असते, त्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठले. टोकन घेऊन अर्धा तास बसल्यावर नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने सिम ट्रे बाहेर काढला, खाचेत टॉर्चचा उजेड टाकला आणि म्हणाली, "काका, यात पाणी गेलंय. वॉरंटीत बसणार नाही." मदरबोर्ड, म्हणजे फोनचा मुख्य बोर्ड, बदलावा लागेल आणि ७,८५० रुपये खर्च येईल, असेही तिने सांगितले. या सगळ्याला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत आणि फोन उघडलाही गेला नाही.

अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीकशी पांढरी टिकली चिकटवलेली असते. तिला पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते आणि वाळल्यावरही पुन्हा पांढरी होत नाही. माझ्या फोनमधली टिकली लाल झालेली होती, हे मी स्वतः पाहिले आणि ते नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सिडकोतून अंबडला मी रोज दुचाकीने जातो. जुलैत गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आले हे पाहायला लोक गोदाघाटावर गर्दी करतात, त्या दिवसांत रेनकोटच्या खिशातल्या फोनला एक थेंबही लागला नाही, अशी शपथ मी घेऊ शकत नाही. माझी हरकत वेगळीच आहे.

घरी येऊन वॉरंटी कार्ड बारकाईने वाचले. द्रवामुळे झालेल्या नुकसानीला वॉरंटी लागू नाही, असे त्यात म्हटले आहे. या वाक्यातला 'मुळे' महत्त्वाचा आहे. फोनला कधी पाणी लागले असेल तर वॉरंटी संपली, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पाण्यामुळे जे बिघडले ते आम्ही भरून देणार नाही, एवढेच लिहिले आहे, आणि ते रास्तही आहे. नळाखाली फोन धुऊन काढायचा आणि नंतर कानावर हात ठेवायचे, असे करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा भार कंपनीने का सोसावा? पण टिकली सांगते ते इतकेच, की सिमच्या खाचेपर्यंत पाणी पोचले होते. ते पुढे गेले की नाही आणि गेले असल्यास चार्जिंग त्यानेच बिघडले की नाही, हे टिकलीला ठाऊक नसते. अनेक फोनमध्ये चार्जिंगचे पोर्ट खालच्या बाजूला एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असते आणि ते मदरबोर्डाला एका पट्टीसारख्या केबलने जोडलेले असते. माझ्या फोनमध्ये सिमची खाच वरच्या बाजूला आहे. वरच्या टिकलीकडे पाहून खालच्या पोर्टचे निदान करायचे आणि वर मदरबोर्ड बदलायला सांगायचे, याला तपासणी कसे म्हणावे?

माझा पेशाच तपासणीचा आहे. बाहेरून येणारा माल मी कारखान्यात पारखून घेतो. एखाद्या पुरवठादाराचा माल नाकारला, तर नुसता रिजेक्शनचा लाल टॅग लावून माझे काम संपत नाही. कोणते माप चुकले, ते कोणत्या गेजने मोजले, किती नग तपासले, त्यांपैकी किती नापास झाले, हे सगळे लिहून खाली सही करावी लागते. तसे केले नाही, तर पुरवठादार दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहतो, आणि त्याने तसे यायलाच हवे. आठ आण्यांच्या वॉशरला मिळणारी ही वागणूक साडेअठरा हजारांच्या फोनला मिळू नये, हे काही मला पटले नाही. (जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवायचा आणि कार्डावर पाण्याचे नुकसान वगळायचे, हा प्रकार तर आणखी निराळा. पाण्यापासून बचावाचा आयपी ६७ हा दर्जा म्हणजे प्रयोगशाळेत एक मीटर पाण्यात तीस मिनिटे. माझा फोन त्या वर्गातला नाही, म्हणून तो वाद येथे घालत नाही.)

याच सवयीने त्या दिवशी घरी परतण्याआधी काउंटरवर मी तीन गोष्टी मागितल्या: कोणत्या भागावर पाण्याची खूण आढळली, तिचा फोटो आणि तपासणाऱ्याची सही. मॅनेजर म्हणाले, "सिस्टीममध्ये तसा कॉलमच नाही." जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, फक्त 'लिक्विड डॅमेज, आउट ऑफ वॉरंटी' एवढेच छापून आले होते. त्याखाली मी माझ्या हाताने लिहिले, "फोन उघडून तपासलेला नाही; नकार केवळ सिमच्या खाचेतील टिकलीवरून दिला आहे," आणि सही व वेळ घातली. त्याचा फोटो तेथूनच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला. पुढे सगळे या एका ओळीवर उभे राहिले. फोन परत घेताना 'ग्राहकास निदान मान्य' अशा छापील मजकुराखाली सही मागतात, ती मी केली नाही. फोन मिळाला, एवढ्यापुरतीच सही दिली.

आठवड्याने कंपनीकडून सदिच्छा म्हणून दुरुस्तीत निम्मी सवलत देऊ केली गेली. बायकोचे म्हणणे पडले की घेऊन टाका, चार हजारांसाठी किती फेऱ्या मारणार. मला ते पटत नव्हते, कारण निम्मे पैसे भरणे म्हणजे पाण्यानेच फोन बिघडला हे कबूल करणे. मी सवलत नाकारली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीपर्यंत तक्रार पोचवते आणि उत्तर मागते. पण कागदाला तारीख आणि क्रमांक मिळतो.

तेथेही काही झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी ठेवली होती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही प्रतिवादी करता येते, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, असलेले पक्के बिल जपावे. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते, हे लक्षात ठेवावे. आणि जो अपवादाच्या कलमाचा आधार घेतो त्यानेच ते कलम लागू होते हे सिद्ध करायचे, हे तत्त्व विम्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. वॉरंटीच्या अपवादाला वेगळा न्याय का असावा, हे मला कळत नाही.

माझ्यावर ती वेळ आली नाही. १९१५ वरच्या तक्रारीनंतर सोळाव्या दिवशी फोन आला, पुन्हा बोलावले आणि या वेळी हँडसेट माझ्यासमोर उघडला. सूक्ष्मदर्शकाखाली चार्जिंगचा छोटा बोर्ड पाहिला, तेव्हा पोर्टच्या एका पायाचे सोल्डर तडकलेले दिसले. गंज नाही, पांढरा किंवा हिरवट थर नाही. मदरबोर्डाला हात लावावा लागला नाही. छोटा बोर्ड बदलला आणि माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. उघडणारा तंत्रज्ञ तरुण मुलगा होता, त्याने मला प्रत्येक गोष्ट नीट दाखवली, आणि असे उघडून पाहायला काउंटरवर वेळच देत नाहीत, असे तो सहज बोलून गेला.

परंतु घरी येऊन नवा जॉबशीट वाचला, तर त्यावर लिहिले होते, 'लिक्विड डॅमेज, एक वेळची सवलत.' म्हणजे माझ्या फोनची उरलेली तीन महिन्यांची वॉरंटी त्यांच्या नोंदीत मेलेलीच आहे, आणि उद्या स्पीकर गेला तरी तीच टिकली दाखवली जाईल. म्हणून मी पुन्हा लिहिले आहे, की सवलत मी मागितली नव्हती, दुरुस्ती मागितली होती. तुमच्याच तंत्रज्ञाला आढळलेले कारण नोंदवून जॉबशीट दुरुस्त करून द्यावा. पत्र स्पीड पोस्टाने गेले आहे. उत्तरासाठी दिलेले पंधरा दिवस येत्या सोमवारी पुरे होतात.