उरलेले पंधरा भाग

गेल्या रविवारी पुण्याहून मुंबईला येताना माझा जो अपमान झाला, त्याची तक्रार घेणारी कोणतीही खिडकी अस्तित्वात नसल्यामुळे ती येथे नोंदवीत आहे. गाडी खंडाळ्याच्या घाटात दोन बोगद्यांच्या मधोमध थांबली. मी मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेली मालिका लावली. शेजारच्या काकांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर घडी घातलेले होते. चष्मा माझ्या मोबाइलसाठी होता.

"जपानी दिसतंय. हा हिरो का?"

मी कानातली एक गुंडी काढली, आणि तीच माझी चूक झाली. हिरो नाही, असे मी म्हणालो. हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजो’ या प्रदीर्घ चित्रकथामालिकेच्या चौथ्या पर्वात हा किशिबे रोहान नावाचा तिरसट चित्रकथाकार येतो, समोरच्या माणसाचे पुस्तक करून त्याचे आयुष्य पानापानाने वाचण्याची शक्ती बाळगतो, आणि मूळ नायकापेक्षा भाव खाऊन जातो. म्हणून त्याच्या एकट्याच्या भुताखेतांच्या अनुभवांची ही वेगळी मालिका निघाली, हे सारे मी एका दमात सांगून टाकले. इतक्या वर्षांत कोणी आपणहून विचारले नव्हते, त्याचा हा परिणाम असावा.

"रोहन म्हणजे आपल्यातला कोणी?"

"रोहान, काका. जपानी नाव आहे."

"आमच्या साडूचा मुलगा रोहन. तोही असाच, कोणाशी धड बोलत नाही." ही माहिती त्यांनी समोरच्या बाकावरील मावशींनाही दिली. "आणि मूळ हिरो कुठं गेला?"

मूळ नायक या कथांत फारसा नसतो, असे सांगितल्यावर काकांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, त्या करुणेने एरवी लोक लग्नाला जाऊन न जेवता परतणाऱ्याकडे पाहतात. मालिकेच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘किशिबे रोहान हलत नाही’ असा होतो, कारण बहुतेक वेळा तो दुसऱ्यांवर ओढवलेल्या प्रसंगांचा साक्षीदार असतो, हेही मी सांगितले. ते सांगायला नको होते. "गाडी हलत नाही, हिरोही हलत नाही," असे काका डब्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, आणि माझ्या आवडत्या कलाकृतीवर पहिल्यांदा सामुदायिक हसू झाले.

पण खरा घोळ पुढे होता. या रोहानकथांपैकी पहिली 1997 साली ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात छापून आली आणि तिला क्रमांक दिला होता सोळा. एका इटालियन चर्चमध्ये रोहान पाद्र्याच्या जागेवर जाऊन बसतो आणि एका अनोळखी माणसाचा कबुलीजबाब ऐकतो, अशी ती गोष्ट आहे. त्यात उडवलेला पॉपकॉर्न तीनदा तोंडात झेलण्यावर एका माणसाचा जीव टांगलेला असतो. एवढ्या थरारक कथानकातून काकांनी नेमके काय उचलावे?

"सोळावा भाग पहिला? मग आधीचे पंधरा?"

"आधीचे नव्हतेच, काका. गंमत म्हणून क्रमांक दिला होता."

"असं कसं नसेल? मी पस्तीस वर्षं तलाठी होतो. मधला फेरफार गायब असला की समजावं, कोणीतरी दाबून ठेवलाय."

त्यानंतर मी ‘मुत्सुकाबेझाका’ची गोष्ट सांगून विषय बदलण्याचा प्रयत्न केला. तिच्यात एका डोंगराळ भागातील पिशाच्चकथांचा ठेवा रस्त्याखाली जाऊ नये म्हणून रोहान तेथले डोंगरच विकत घेतो आणि कंगाल होतो. मला ही कलावंताच्या वेडाची परिसीमा वाटते. काकांनी विचारले, "एनए होतं का?" मी गप्प. "सात-बारा पाहिला होता का त्यानं, की नुसता भुतांच्या भरवशावर व्यवहार केला?" मावशींनी मान डोलावली, त्यांच्या दिरानेही म्हणे मावळात असेच काहीसे केले होते. पुढची दहा मिनिटे माझ्या मोबाइलच्या उजेडात मावशींच्या दिराचा खटला चालला. मालिका थांबवलेली होती, बॅटरी संपत होती, आणि मला माझ्याच आसनावर दुय्यम पात्र झाल्यासारखे वाटू लागले होते. फरक इतकाच, की मला कोणी स्वतंत्र मालिका देणार नव्हते.

येथे थोडी खरी तक्रार करतो. मूळ चौथे पर्व पडद्यावर आले 2016 साली. रोहानचे सुटे भाग 2017 पासून आले, पण पहिला जपानमध्ये मूळ मालिकेच्या तबकड्या विकत घेणाऱ्यांसाठी होता; चारही भाग नेटफ्लिक्सवर राजरोस पाहायला मिळाले ते फेब्रुवारी 2021 मध्ये. इतकी वाट पाहून मिळालेली गोष्ट माणसाने शांतपणे, एकट्याने, पुन्हा एकदा पाहावी म्हटले, तर आपल्याकडे दुसऱ्याच्या मोबाइलचा पडदा हा गावच्या पाणवठ्यासारखा सार्वजनिक समजला जातो. आणि वर तो शब्द: "एवढा घोडा झाला तरी कार्टून बघतोय." हे काका मावशींना म्हणाले, मला नव्हे. मी छत्तीस वर्षांचा आहे. जे तलाठी होते त्यांना हे वय कळले कसे, हाही एक प्रश्न आहे.

सूड म्हणून मी ‘श्रीमंतांचे गाव’ लावले. त्यात डोंगरातल्या एका गूढ वस्तीत घर घ्यायला गेलेल्यांची शिष्टाचाराची परीक्षा होते. परीक्षक म्हणून एक लहान मुलगा समोर असतो, आणि कप चुकीचा धरला किंवा तातामीच्या, म्हणजे जपानी चटईच्या, काठावर पाय पडला, तरी प्रिय माणसे गमवावी लागतात. मक्याचे कणीस कसे खावे, हाही तेथे जीवनमरणाचा प्रश्न होतो. कणीस दिसताच काकांनी निकाल दिला, "हातानं. त्यात विचार कसला?" आणि लगेच माझ्याकडे वळून: "तुम्ही मघाशी वडापाव कागदासकट धरला होतात, तसा धरू नये. शाई पोटात जाते." पुढे पाय बाकाखाली घ्यावेत, इअरफोनची वायर अशी गुंडाळू नये, आणि पाण्याची बाटली खिडकीत ठेवू नये, असे आणखी तीन निकाल लागले. एका मुलाचे काम एक निवृत्त तलाठी विनामोबदला करीत होता.

त्या कथेत रोहान शेवटी त्या मुलाला सुनावतो, की दुसऱ्याचा शिष्टाचारभंग त्याच्या तोंडावर दाखवून देणे हाच सर्वांत मोठा शिष्टाचारभंग होय. हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण ते काकांना ऐकवणे म्हणजे काकांचा शिष्टाचारभंग त्यांच्या तोंडावर दाखवणे झाले असते, आणि या पेचातून सुटण्याची वाट जपानी पटकथेत होती, माझ्यापाशी नव्हती. म्हणून मी पाय बाकाखाली घेतले.

गाडी हलली तेव्हा पडद्यावर रोहान व्यायामशाळेत एका धावण्याच्या नादाने झपाटलेल्या तरुणाशी शर्यत लावून जागच्या जागी ताशी 25 किलोमीटरचा वेग गाठत होता. "पैसे देऊन एकाच जागी पळतात," असे काकांनी मावशींना समजावून सांगितले.

दादरला उतरताना त्यांनी माझा क्रमांक मागितला, आणि नाही म्हणण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या पात्राचा चाहता असूनही मी तो दिला. काल रात्री सव्वाअकरा वाजता संदेश आला: "भाग 1 ते 15 कोठे मिळतील? मुलाला विचारले, त्यालाही माहीत नाही. तुम्ही चौकशी करून कळवणे."