रेम भे

पातेलं काळं करायला मला तीन तास लागले. पांढरं करायला तेरा दिवस.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमचं लातूर अर्धं रिकामं होतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. मी दुसऱ्यांतला. यंदा चुलतभावाच्या रानात पन्नासेक माणसं जमणार म्हणून भज्जीसाठी (बेसन लावलेल्या दाण्यांच्या भाजीसाठी) आमचं तीस लिटरचं स्टीलचं पातेलं न्यायचं ठरलं. आता हे पातेलं साधं नाही. लग्नात आत्यानं दिलेलं. पोटावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय : 'आत्याकडून सप्रेम भेट', खाली तारीख. आत्या घरी आली की चपला काढते, पाणी पिते आणि पातेलं बघते. माझी चौकशी त्यानंतर.

चुलीवर भांडं चढवण्याआधी बाहेरून राखेचा नाहीतर मातीचा ओला लेप द्यायचा असतो. काजळी लेपावर बसते आणि लेपाबरोबर धुऊन जाते. हे माझ्या आजीला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. फक्त मला ते पातेलं उतरवल्यावर आठवलं. शिवाय भज्जी हलवायचं काम माझ्याकडं. तेवढ्यात सगळे चर शिंपायला, म्हणजे पिकांवर नैवेद्य शिंपडायला, निघाले. मीही 'ओलगे ओलगे सालम पोलगे' ओरडत बांधाबांधानं फिरून आलो. येऊन बघतो तर बेसन, तुरीचे दाणे, वाटाणे, हरभरे बुडाशी असे एकजीव झालेले की असा एकोपा आमच्या भावकीत कधी दिसला नाही. "धुराचा वास पाहिजेच की भज्जीला," असं चुलतभाऊ म्हणाला. चांगला माणूस आहे.

घरी पातेलं गाडीतून उतरवताना बायको दारात उभी होती. तिनं आत डोकावलं, बाहेरून बघितलं आणि एवढंच विचारलं, "आत्याबाई संक्रांतीला यायल्यात ना?"

पहिल्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठ टाकून भिजू घाला. मी अर्धा किलो खडेमीठ बुडाशी पसरलं, वर पाणी ओतलं आणि दोन दिवस बघितलंच नाही. जळकं काही सुटलं नाही. उलट जिथं खडे बसले होते तिथं बारीक बारीक खड्डे पडले, देवी आल्यासारखे. मग मी चिडून तारेची घासणी घेतली. खांदा निखळेपर्यंत घासलं. थोडं उजळलं, पालथं घालून झोपलो. सकाळी पातेल्यावर तांबडे ठिपके. स्टीलला गंज! मला फसवल्यासारखं वाटलं. पण एकतीस वर्षांनी पावती कुणाला दाखवणार?

शेवटी भाच्याला फोन लावला. तो छत्रपती संभाजीनगरला बिअरच्या कारखान्यात आहे, तिथल्या भल्यामोठ्या स्टीलच्या किटल्या धुवायचं त्याच्याकडं असतं. (आत्याला तो सरबताच्या कंपनीत आहे असं सांगितलंय. लग्नाचा मुलगा आहे.)

"मामा, तारेनं घासलं का?" त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हणालो.

"मग गंज कसा आला?"

गंज पातेल्याचा नव्हताच म्हणे. घासणीच्या साध्या लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात, ते गंजतात. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आपल्या भांड्यांत अठराच्या आसपास. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बनतो, तो स्टीलला सांभाळतो. ओरखडला तरी हवा लागली की पुन्हा धरतो. पण मिठातलं क्लोराइड त्याला जागोजागी भोक पाडतं. ब्लिचिंग पावडर त्याहून वाईट. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं हे स्टील काढलं, तेव्हा तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता. बंदुकीपुढं जे टिकावं ते माझ्यापुढं टिकलं नाही, हे भाचा बोलला नाही, पण त्याच्या आवाजात होतं.

"तुमच्याकडं कसं घासतात?"

"आमच्याकडं घासतच नाहीत. गरम कॉस्टिक सोडा फिरवतात, मग आम्ल, मग पाणी. बिअरचासुद्धा दगड बसतो मामा, कॅल्शियम ऑक्झलेटचा. कॉस्टिकला तुम्ही हात लावू नका. खायचा सोडा टाकून उकळा, मग लिंबूसत्त्व."

सोड्याच्या पाण्यात तासभर उकळल्यावर भज्जीनं खरपुड्या सोडल्या, लाकडी उलथन्यानं निघाल्या. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यानं तांबडे ठिपके गेले. मी आनंदानं पातेलं बोअरच्या पाण्यानं खळखळून धुतलं आणि उन्हात ठेवलं. वाळल्यावर सगळीकडं पांढरे डाग. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना इतका की चहाच्या भांड्यालाही आतून गिलावा होतो. परत लिंबूसत्त्व. 2016 साली मिरजेहून आगगाडीनं ज्या गावाला पाणी आलं, त्या गावात मी एका पातेल्यावर दिवसाला सात बादल्या ओतत होतो. सात हा आकडा बायकोचा. ती मोजत होती.

बाहेरची काजळीही सोड्याच्या लगद्यानं नि नारळाच्या शेंडीनं बरीचशी निघाली. इथं थांबायला पाहिजे होतं. पण पातेलं स्वच्छ झालं होतं, चमकत नव्हतं, आणि माझ्या अंगात तोवर काहीतरी शिरलं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणले, ड्रिलला लावायचं नमद्याचं चाक आणलं, हिरव्या मेणाची वडी आणली. त्या वडीतसुद्धा क्रोमियमचंच ऑक्साइड असतं, म्हणजे पापुद्र्याला त्याच्याच भावकीकडून घासायचं. स्टीलच्या रेघा ज्या दिशेला तिकडंच हात चालवा, असं भाच्यानं बजावलं होतं. तेवढं मी पाळलं. रेघा आडव्या होत्या, मीही आडवा चाललो, गोल गोल, आधी जाड पेपर, मग बारीक, मग चाक. तीन संध्याकाळी. पातेल्यात माझा चेहरा दिसायला लागला तेव्हा मुलीला हाक मारली.

ती म्हणाली, "बाबा, नाव कुठाय?"

संक्रांतीला आत्या आली. चपला काढल्या, पाणी प्याली, स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ काही आवाज नाही.

"हे नवं कधी आणलाव रे?"

"नवं नाही आत्या. तुझंच आहे."

"मला येडी समजतूस का? एकतीस वर्षांचं भांडं असं ऱ्हातंय व्हय? माझं कुठं घातलाव? मोडीत दिलाव?"

मी पातेलं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, तिरपं केलं, फिरवलं. मधोमध पुसटशी चार टिंबं उरली होती. मी बोट ठेवून दाखवलं. आत्यानं चष्मा सारखा केला, जवळ आली, अक्षर अक्षर लावून वाचलं.

"रेम... भे." मग माझ्याकडं वळली. "ही त्या पोराची सरबताची कंपनी का?"