कावेरीवरचा गळ, वाळण कोंडातले मासे: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कावेरीवरच्या गळबंदीला आम्ही हौशी मासेमारांनी केलेला विरोध बरोबरच होता, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. माशाच्या तोंडात गळ अडकवायचा, त्याला दमवायचं, फोटो काढायचा आणि सोडून दिलं म्हणून निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायचं, हा क्रूरपणा आहे, असं तुम्ही म्हणता. वाळण कोंडात कोणी गळ टाकत नाही म्हणून तिथले मासे टिकले, हा तुमचा दाखला. आणि शेवटचा सवाल असा, की नदी बंद झाल्यावर तुमच्या करमणुकीपलीकडे कोणाचं काय बिघडलं?

आधी वाळण कोंडाबद्दल बोलतो, कारण ती जागा माझ्याही जिव्हाळ्याची आहे. महाडजवळ काळ नदीचा तो डोह, काठावर वरदायिनी देवी. चुरमुरे टाकले की आधी बोटाएवढी पिल्लं झेपावतात, मग हातभर लांबीचे मासे येतात आणि मग कधीतरी खालच्या हिरव्या पाण्यातून एक काळसर पाठ सावकाश वर येते. ती पाठ दिसली की पोरंसोरंसुद्धा गप्प होतात. पण ताई, हे मासे नुसत्या मनाईवर टिकलेले नाहीत. तिथे रोज माणसांचा राबता आहे. रात्री कोणी स्फोट करून मासे मारायला जिलेटिनची कांडी घेऊन उतरलाच, तर उजाडायच्या आत गावभर होईल. डोहाला राखण आहे.

कावेरीवर नेमकी तीच राखण उठली. कर्नाटकात कावेरीकाठच्या भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमकळी या कॅम्पांवर गळाने महासीर, म्हणजे आपल्या नद्यांतला मोठाला मासा, धरून परत सोडायची पद्धत होती. हा पट्टा अभयारण्यात येतो, म्हणून १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गळ टाकणं ही शिकार ठरली आणि २०१२पर्यंत कॅम्पांवरचे गळ थांबले. तिथले वाटाडे पूर्वी स्वतः चोरून मासे मारणारे. मी बंदीआधी गालीबोरेला गेलो होतो, तेव्हा आमची टोपलीसारखी गोल होडी वल्हवणाऱ्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. कांडी हातातच फुटली होती. त्याच हाताने तो नाचणीच्या पिठाचे गोळे वळून गळाला लावत होता. मासा लागला, वर आला, तेव्हा मी तो पाण्याबाहेर उचलायला गेलो तर त्याने माझं मनगट धरलं. पाण्यातच ठेव, तोंड प्रवाहाकडे कर. कल्ल्यांची उघडझाप संथ झाली, शेपटीला जोर आला, तेव्हाच त्याने हात सोडायला लावला. अशा माणसांचा रोजगार बंदीने गेला. काठावरचे डोळे गेले. सुरुंग लावणाऱ्याला, वाळू उपसणाऱ्याला परवाना आधीही लागत नव्हता आणि आताही लागत नाही.

दुसरं नुकसान मला याहून मोठं वाटतं. गालीबोरेला किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती, हे सगळं वहीत लिहिलं जायचं. १९९८ ते २०१२ मधल्या २३,६२० तासांच्या आणि ६,१६१ माशांच्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१५मध्ये निष्कर्ष छापले. मासे जास्त लागत होते, पण त्यांचं सरासरी वजन घटत होतं. आणि मूळचा कुबडवाला महासीर, जो कावेरीचं खोरं सोडून जगात कुठेच नाही, तो नोंदींतून दिसेनासा होत चालला होता. १९४६मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महासीर लागला होता, तो याच जातीचा. या माशाचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी, हे २०१८मध्ये नक्की झालं आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. हे जगाला कळलं ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे. वही बंद झाल्यावर त्या पट्ट्यात पुढे काय झालं ते कोण मोजणार?

आता आमची चूक. ती तुम्ही काढली नाहीत, पण ती लपवून तुमच्याशी वाद घालणं मला जमणार नाही. कुबडवाल्याच्या जागी जो निळ्या परांचा महासीर वाढला, तो आपल्याकडचा. साईक्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९मध्ये मुळा-मुठेतून वर्णन केलेली खुद्री ही जात. लोणावळ्याच्या वळवण धरणाजवळ टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली, पिल्लं राज्याराज्यांत गेली, कर्नाटकातही गेली. त्या केंद्राचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान होता. पण ज्या नदीत तो मूळचा नव्हता तिथेही तो सोडला गेला, आणि गळाला भराभर मासे लागतात म्हणून आम्ही खूश राहिलो. मोठा मासा कुठे गेला, हे आम्ही वेळेवर विचारलं नाही. नोंदी आमच्याच हातच्या होत्या, तरी वाचल्या दुसऱ्यांनी.

क्रूरपणाचं म्हणाल तर माशाला त्रास होतो, हे मान्य. उन्हाळ्यात पाणी आटून तापलेलं असताना तर दमलेला मासा सोडल्यावर मरूही शकतो. म्हणून पावसाळ्यातली वीण आणि कडक उन्हाळा, या दोन्ही वेळी गळ पूर्ण बंद असावा, गळाला उलटा काटा नसावा, प्रत्येक माशाची नोंद सक्तीची असावी, असं माझं मत आहे. एवढी बंदी आनंदाने पाळू. काठ ओस पाडणाऱ्या बंदीला विरोध आहे आणि राहील.

मूळ लेखात ‘सोडलेल्या माशाला काही होत नाही’ असं एक वाक्य होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते काढून टाकलं आहे.