माहेरचे कोल्हे, सासरचे कोल्हे

लग्नाआधी मी कोल्हे होते. लग्न करून एस्टोनियात, तार्तूला आले आणि रेबने झाले. एस्टोनियन भाषेत रेबने म्हणजे कोल्हा. आमच्या आईने ही बातमी साताऱ्यात ज्या आनंदाने वाटली, तेवढ्या आनंदाने पेढेही वाटले नव्हते. "पत्रिका नाही जुळली, पण आडनाव जुळलं," हे ती अजून पाहुण्यांना सांगते.

हे सगळं सुखाने चाललं होतं, तोवर मुलाच्या शाळेतून गृहपाठ आला. 'सुगुपू' काढून आणा. सुगुपू म्हणजे वंशवृक्ष. कागदावर एक झाड छापलेलं, डाव्या फांद्या आईकडच्या, उजव्या बाबांकडच्या.

डावी बाजू चहा उकळेपर्यंत भरली. आईला फोन लावला, तिने आजोबांची वही काढली. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपड्यातून त्यांनी उतरवून आणलेली नामावळी. सात पिढ्या, सगळे पुरुष. पाचव्या पिढीत बांधावरून झालेलं भांडणही आईने तपशीलवार सांगितलं. मुलाने त्याचं कुऱ्हाडीसकट चित्र काढलं.

उजव्या बाजूला आजी, आजोबा आणि यान नावाचे पणजोबा. पुढे कोरं. अर्धांगवायू झालेलं झाड.

"पुरेल की," नवरा म्हणाला. त्याला सगळंच पुरतं. मला मात्र झोप येईना. सासरची लाज ती आपली लाज, या भावनेने मी रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडला. माझी चूक तिथून सुरू होते.

इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुनी दप्तरं स्कॅन करून 'सागा' नावाखाली ठेवली आहेत. फुकट, घरबसल्या. त्यातला खजिना म्हणजे 'हिंगेलोएंद', शब्दशः आत्म्यांची यादी. नाव ऐकून मला वाटलं, काहीतरी आध्यात्मिक असेल. रशियन साम्राज्याने डोईपट्टी वसूल करायला केलेली ती शिरगणती निघाली. इथे ती सात वेळा झाली: 1782, 1795, 1811, 1816, 1834, 1850 आणि 1858. दोन गणत्यांच्या मध्ये कुणी मेला तरी पुढच्या गणतीपर्यंत त्याची पट्टी चालूच. उघडलेल्या वहीत डाव्या पानावर पुरुष, उजव्या पानावर बायका. 1811 मध्ये तर बायका मोजल्याच नाहीत. त्यांच्यावर पट्टी नव्हती, मग शाई कशाला घालवा? त्र्यंबकच्या गुरुजींची आठवण आली.

आता वाचायचं. याद्या जर्मनमध्ये, कारण राज्य झारचं असलं तरी जमीनदार जर्मन. अक्षर जुन्या वळणाचं, म्हणजे त्यांची मोडीच समजा. त्यात 'ई' हा 'एन'सारखा दिसतो, आणि 'एन' आणि 'यू' यांत फरक एवढाच की 'यू'च्या डोक्यावर एक छोटी कमान असते. ती कमान कारकुनाच्या मनात आली तर तो काढतो, कधी चुकून शेजारच्या अक्षरावर काढतो. त्यामुळे पहिले तीन दिवस मी 'हाउस' नावाच्या माणसाच्या मागे होते. घर नावाचा माणूस! मग कळलं की तो हान्स आहे. हान्सला लक्षात ठेवा.

गावांची नावंही जर्मनमध्ये वेगळी. तार्तूचं दोर्पाट, विलियांदीचं फेलीन. सासऱ्यांचं मूळ गाव पुह्या. पुह्या शोधत बसले तर सापडेना, कारण वहीत त्या परगण्याचं नाव कावेलेख्ट. पुह्याचं कावेलेख्ट कसं झालं, हे विचारायचं नाही. मुंबईचं बॉम्बे आपण निमूट सोसलंच की.

पण मी चिकाटी सोडली नाही. पुह्याच्या चर्चच्या वहीत मला यान रेबने सापडला. पणजोबा! त्याचा बाप मार्ट, मार्टचा बाप युरी, अशी मी गणतीमागून गणती खाली उतरत गेले. दोन आठवडे. भात करपला, दोनदा. नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय की नाही या काळजीत मी मुलाला न्यायला विसरले, एकदाच.

शनिवारी सासरी गेलो. इथे सासूला नावाने हाक मारतात. माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी 'एमा' म्हणते, म्हणजे आई. सासऱ्यांना 'इसा', म्हणजे बाबा. इसा वर्षाला साधारण चाळीस वाक्यं बोलतात आणि त्यातली तीस बटाट्याबद्दल असतात. ते अंगणात बसून रानातून आणलेली अळंबी सुरीने साफ करत होते. एमाने आमच्यात स्वीडिश अधिकाऱ्याचं रक्त असल्याचं पुन्हा सांगितलं. (असा एक स्वीडिश अधिकारी इथल्या पुष्कळ घरांत असतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत पानिपतावर गेलेला एक पूर्वज असतो, तसा.) मी विजयी मुद्रेने सहा पिढ्यांचा तक्ता पसरला.

इसांनी तो वरून खालपर्यंत पाहिला. सुरी पुसली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमचे पूर्वज! रेबने!"

"आम्ही 1936 पर्यंत फुक्स होतो."

फुक्स म्हणजे जर्मनमध्ये कोल्हा. 1930 च्या दशकात इथे परकी आडनावं बदलून एस्टोनियन घेण्याची सरकारी मोहीम निघाली आणि सुमारे 2 लाख लोकांनी ती बदलली. त्यांत इसांचे वडील एक. मी दोन आठवडे कुणा तिऱ्हाइताच्या बापजाद्यांची सेवा करत होते. त्या घरच्या सुनेने माझे पाय धरायला हवेत.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी नवऱ्यावर ओरडले.

"मलाही आत्ताच कळतंय," तो म्हणाला, आणि अळंबी उचलून साफ करायला लागला.

मग पुन्हा पहिल्यापासून, फुक्स. या भागातल्या कुळांना आडनावं मिळाली तीच मुळी वेठबिगारी सुटल्यावर, 1822 ते 1826 या काळात. म्हणून 1826 च्या आडनावांच्या यादीत मार्ट फुक्स ठसठशीत सापडला. त्याआधी नुसतं वाडीचं नाव, बापाचं नाव आणि मग स्वतःचं. आपल्याकडे 'वरच्या आळीतल्या धोंडूचा दत्तू' म्हणतात तसं. पण माणूस दुसऱ्या वाडीवर कामाला गेला की नावातली वाडीही बदलायची. आणि हे लोक जायचे. वहीत त्यांच्यापुढे 'क्नेख्ट' लिहिलंय. शब्दकोश 'नोकर' म्हणतो, पण मला विचाराल तर सालगडी. आपल्या सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, यांचं 23 एप्रिलला, संत युरीच्या सणाला. त्या दिवशी पेटी उचलायची आणि नव्या मालकाकडे. स्वीडिश अधिकारी काही कुठे दिसेना.

मी वयं जुळवत मागे गेले. मार्ट 1834 मध्ये 22 वर्षांचा, तर 1816 मध्ये 4 हवा. आहे! त्याचा बाप यान, 1811 मध्ये 30. आणि यानच्या खालच्याच ओळीत त्याचा धाकटा भाऊ. मागच्या गणतीत वय 13. पुढच्या रकान्यात 'एंटलाउफेन 1804', म्हणजे पळून गेला. त्यापुढे, आत्ताचं वय लिहायच्या जागी, कारकुनाने एक लांब आडवी रेघ ओढलेली. नाव हान्स. माझा हाउस नव्हे, हा दुसरा. पळाला तेव्हा 22 वर्षांचा. तेव्हा कूळ जमिनीला बांधलेलं, जमीनदाराच्या परवानगीशिवाय कुठे जायची सोय नाही. बाकी सगळ्यांपुढे मेला, फौजेत गेला, दुसऱ्या वाडीवर गेला असं काही ना काही होतं. यालाच कुणी शोधू शकलं नव्हतं.

मुलाच्या झाडाची उजवी बाजू भरली. हान्सला फांदी कशी द्यायची हा प्रश्न होता, तर मुलाने कागदाच्या कडेला एक लाल शेपटी तेवढी काढली.

पुढच्या शनिवारी मी ते इसांना दाखवलं. सालगडी ऐकून एमा "नो या" म्हणाल्या. या दोन शब्दांत काय काय बसतं ते एस्टोनियात सून झाल्याशिवाय कळणार नाही. इसांचं बोट मात्र त्या शेपटीपाशी थांबलं. मी हान्सची गोष्ट सांगितली. त्यांनी पुरी ऐकली.

"कुठे गेला ते लिहिलं नाही?"

"नाही, इसा. पुढच्या एकाही वहीत तो नाही."

"म्हणजे सापडला नाही."

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले, आणि अळंब्यांची टोपली पुढे ओढून घेतली.