मॅचिंग सेंटरवाल्याला जे कळतं

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर रंगांचा वाद पेटतो. यंदा निमित्त ‘पर्सनल कलर’चं, म्हणजे आपल्या कांतीला कोणते रंग खुलतात ते कापडं लावून ठरवण्याचं. साड्या घेण्याआधी नवरीने आपले रंग तपासून घ्यावेत, असं एका भाचीने सुचवलं आणि दोन्हीकडून हल्ला झाला. एक गट म्हणतो, हे कोरियन खूळ. दुसरा म्हणतो, “सावळ्या पोरीले राणी कलर काऊन घालता? फिक्काच बरा दिसते.” पहिल्या गटाशी निदान वाद घालता येतो. दुसऱ्याचा, मी राहते त्या सोलमध्ये बसूनही, संताप येतो.

खूळ कोरियन नाही, एवढं आधी सांगते. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याला आढळलं की दोष काळ्यात नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. शेजारचा रंग डोळ्यांना दिसणारा रंग बदलतो, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. इतवारीच्या विणकराला हे वेगळं सांगावं लागणार नाही. पुढे जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवलेल्या योहानेस इटेनने माणसाची कांती आणि त्याला भावणारे रंग यांचं नातं जोडलं, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत माणसांना शोभणाऱ्या रंगांचे चार ऋतूंच्या नावांचे गट घरोघरी पोचले. आता चाराचे बारा झालेत.

त्या बारा गटांच्या मुळाशी तीनच प्रश्न आहेत. रंगाची झाक उबदार (पिवळसर) की थंड (निळसर), रंग फिका की गडद, आणि तो चटक की धुरकट. कांती गोरी की सावळी, यावरून पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. सावळी कांती थंड असू शकते, गोरी उबदार. “सावळीला फिकं” हा नियम तिथेच कोसळतो.

सोलमध्ये दुकानातली मुलगी लिपस्टिक दाखवण्याआधी वॉर्म की कूल विचारते, उजळ की काळी असं विचारत नाही. मला ते फार बरं वाटतं. पण फाउंडेशनच्या रॅकवर २१ आणि २३ हे उजळ छटांचे नंबर संपले की बहुतेक डब्या संपतात, आणि माझी कांती त्यांच्या पलीकडची आहे. नागपूरला उतरलं की “तिकडे जाऊन उजळलीस” हे कौतुक म्हणून ऐकवलं जातं. दोन्हीकडच्या पट्टीत मी बसत नाही, म्हणूनच बहुधा हा वाद मला इतका लागतो.

इकडची पद्धत जशीच्या तशी उचलू नका, हेही त्यामुळेच सांगते. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, ही चाचणी सावळ्या कातडीवर फसते, कारण मेलॅनिन या कातडीतल्या रंगद्रव्याखाली शीर नीट दिसतच नाही. काळे केस आणि गडद डोळे पाहून आपल्या सगळ्यांना ‘डीप’ म्हणजे गडद गटात टाकणं हा दुसरा आळस. फोनवरचं ॲप तर विसराच. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच दुरुस्त करतो, वर चेहरा गुळगुळीत करतो.

घरी करायचं तर सकाळी नऊ ते अकरा, खिडकीशी, पण थेट उन्हात नको. भिंती पिस्ता किंवा गुलाबी असतील तर मागे आणि बाजूला पांढरी चादर टांगा, नाहीतर भिंतीचाच रंग गालावर उतरतो. मेकअप, टिकली, सोनं, चष्मा काढा. मेंदी किंवा डाय लावलेले केस पांढऱ्या फडक्याने झाका. हळद लागल्यावर चार-पाच दिवस थांबा. नागपूरच्या मे महिन्यात रापलेल्या चेहऱ्यावर निकाल देऊ नका, मानेची कातडी सोबत ठेवून पाहा.

महागडं किट लागत नाही. सीताबर्डीच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टूच्या ब्लाउजपीसांची जी भिंत असते, तेच किट. चमकणारं रेशीम नको, ते उजेड परतवतं. उबदार की थंड ते पाहायला जोड्या हनुवटीखाली एकामागून एक धरा: मोतिया आणि शुभ्र पांढरा, टोमॅटो लाल आणि डाळिंबी, हळदी पिवळा आणि लिंबू. या जोड्यांतले दोन्ही रंग साधारण सारखेच गडद हवेत. बहुतेकांचं इथेच चुकतं. फिका गुलाबी आणि गडद मरून समोर धरले तर फरक गडदपणाचा दिसतो आणि आपण तो उबदारपणाचा समजतो. मग आकाशी आणि नेव्ही लावून गडदपणा पाहा, राणी आणि धुरकट गुलाबी लावून चटकपणा.

पाहायचं मात्र कापडाकडे नाही, हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत. चुकीच्या रंगाने डोळ्यांखालचं वर्तुळ, नाकाशेजारची सावली आणि वांगाचे डाग ठळक होतात. सावळ्या चेहऱ्यावर लाली शोधत बसू नका. कपाळावर आणि ओठांभोवती राखेची झाक येते का, ते पाहा. दोन कापडांच्या मधे काही सेकंद राखाडी रंगाकडे बघा, नाहीतर आधीच्या रंगाची छाया डोळ्यांत राहते.

हे प्रयोगशाळेत मोजून सिद्ध झालेलं शास्त्र नव्हे. एकाच चेहऱ्याला दोन जाणकार वेगळे गट देतात. म्हणून गटाच्या नावापेक्षा आपल्याला चाललेल्या जोड्या लिहून ठेवा आणि दुकानात त्यांचे तुकडे न्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली जुळलेले दोन रंग बाहेर विजोड निघतात. गांधीबागेतला जुना दुकानदार साडी उचलून दारात उजेडात दाखवतो ते याचसाठी.

आणि नवरीची अष्टपुत्री पिवळीच हवी असेल तर असू द्या. पिवळ्यात केतकी आहे, हळदी आहे, लिंबू आहे. चेहऱ्यावर परिणाम होतो तो गळ्याशी येणाऱ्या रंगाचा, निऱ्यांचा नाही. न शोभणाऱ्या पिवळ्याला ब्लाउज आणि खांद्यावरचा काठ शोभणाऱ्या रंगाचा घेतला की काम भागतं. सावळ्या पोरीला राणी खुलत असेल तर तो काठ राणीच घ्या.